माजघरातली पानफुटी

माझ्या बहिणीची झाडं मी उपटली, आणि डब्यातून साप निघाला म्हणून उपटली असं तिला सांगितलं. साप निघाला नव्हता. एवढं आधीच लिहून टाकतो. मी शाळामास्तर आहे, आणि मास्तर माणसाला स्वतःची बाजू नीट मांडायची सवय असते. पुढं लिहिताना मी स्वतःला सावरून घेईन, अशी माझी मलाच भीती वाटते.

ही लढाईच्या दिवसांतली हकिगत आहे. लढाई संपून आता चार वर्षं झाली. मी पन्नाशीला टेकलो आहे, अक्का साठीच्या पुढं गेली आहे. तिला वाचता येत नाही. हे लिहून झालं की मीच तिला वाचून दाखवणार आहे.

आमची आई मी दोन वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून मला अक्कानं वाढवलं. ती माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठी. पुढं तिला पलूसजवळच्या एका गावात दिलं. नदीकाठची मळईची जमीन, ऊस, गुऱ्हाळ, सगळं होतं. पण नवरा लवकर गेला. एकच मुलगा. गावातली निम्मी घरं पलटणीतली, तसा तोही साताऱ्याला जाऊन भरती झाला. वर्षभर त्याची पत्रं आली आणि मग थांबली. काही महिन्यांनी सरकारी कागद आला. तो मी अक्काला वाचून दाखवला. बेपत्ता, असं त्यात लिहिलं होतं.

"म्हंजी हाय का न्हाई?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, ठाऊक नाही, असा त्याचा अर्थ.

"मग न्हाई असं तर म्हणलं न्हाई न्हवं," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून तिनं कमरेला खोचली.

चौकशीसाठी मी तिला साताऱ्याला घेऊन गेलो. कचेरीच्या आवारात एका बुटक्या भिंतीवर आम्ही दिवसभर बसलो. आत बोलावलं तेव्हा साहेबानं कागदात होतं तेच सांगितलं. परतताना अक्काच्या हातात एक जाड हिरवं पान होतं. भिंतीच्या कडेला पानफुटी माजली होती, तिचं ते पान तिनं बसल्या बसल्या कधी खुडलं, ते तिलाही आठवत नव्हतं. टाकून न देता तिनं ते पानसुपारीच्या चंचीत घातलं.

मी तिला गावी न सोडता माझ्याकडं सांगलीला आणलं. जमीन दिराकडं वाट्यानं दिली. त्या वेळी तिची अवस्था वाईट होती. हात थरथरायचे. भाकरी थापायला बसली की पीठ परातीबाहेर जायचं. रात्ररात्र झोप नव्हती. जेवायला बसायची आणि घास हातात धरून कुठंतरी बघत राहायची. माझी बायको जवळ बसून म्हणायची, "वन्सं, एवढा घास तरी घ्या." ती घ्यायची, पण चावायला विसरायची.

साताऱ्याहून येऊन दहा-बारा दिवस झाले असतील. अक्कानं मला हाक मारली आणि चंची पुढं केली. त्यात ते पान होतं. सुपारी, चुना, तंबाखू यांच्यामध्ये, अंधारात, चिरडलेलं. पण त्याच्या कडेच्या प्रत्येक खाचेतून एक एक इवलं रोप निघालं होतं. दोन पानं वर, आणि खाली केसासारखी पांढरी मुळं. ती मुळं चंचीच्या कापडात शिरू पाहत होती. पानफुटी असंच करते हे मला ठाऊक होतं. शाळेत मुलं तिचं पान पुस्तकात ठेवतात. तरीही त्या चंचीत बोट घालायला माझं मन धजेना.

"माती न्हाई, पानी न्हाई," अक्का म्हणाली. "आन बघ की जगलंय."

तिनं त्या पानाला दोरा बांधला आणि माजघराच्या भिंतीवर खुंटीला टांगलं.

आमचं भाड्याचं घर म्हणजे एकामागं एक तीन खोल्या. पुढं सोपा, मागं स्वयंपाकघर, आणि मध्ये माजघर. त्याला खिडकी नव्हती. वर कौलांत एक काचेचं कौल होतं, तेवढाच उजेड. हातभर रुंदीचा उन्हाचा तुकडा सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर पडायचा, दुपारी जमिनीवर उतरायचा आणि दिवस कलला की पूर्वेच्या भिंतीवर चढून विझायचा. त्या खोलीत अक्कानं झाडं लावली. रॉकेलचे रिकामे डबे, फुटकी मडकी, करवंट्या, जे हाताला येईल ते. पानफुटी तर होतीच, शिवाय पानओवा, गवती चहा आणि नदीच्या घाटावरून आणलेलं कसलंसं नेचं. आणि दिवसभर ती डबे सरकवायची. उन्हाचा तुकडा जाईल तिकडं डबा. प्रत्येकाला थोडा वेळ ऊन, मग दुसऱ्याची पाळी. सोप्यात बसलं की आतून फरशीवर पत्रा घासल्याचा आवाज यायचा, आणि मध्येच तिचं हळू बोलणं.

दोन महिन्यांत तिच्या हातांची थरथर थांबली. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. ज्या हातातून पीठ सांडायचं, त्या हातानं ती केसाएवढं मूळ मातीत बसवायची. झोप लागू लागली. ती डब्यांच्या मध्येच अंथरूण टाकायची आणि सकाळी उठून सांगायची, रातभर ओली माती वास देती, गड्या, लय निवांत वाटतं. माझ्या बायकोचं अर्धं डोकं दुखायचं. ती दुपारी त्या खोलीत जाऊन पडायची आणि तासाभरानं हसत बाहेर यायची. उन्हाळ्यात सगळं घर तापायचं, पण माजघराच्या उंबऱ्यावर पाय ठेवला की गार वाटायचं. मीसुद्धा शाळेतून आलो की टोपी काढायला सोप्यात न थांबता आत जायचो. छातीत काहीतरी मोकळं व्हायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो. वर्गातल्या पोरांनाही सांगतो, की घरात एक तरी झाड ठेवा, अंधारं घर असलं तर नक्कीच ठेवा.

पण लोक बोलू लागले. शेजारच्या काकूंनी माझ्या बायकोला विचारलं, की दुपारी आत कोण येतं, तुमच्या वन्सं कुणाशी बोलतात. अक्का झाडांशी बोलते म्हटल्यावर त्या गप्प झाल्या, आणि ते गप्प होणं गल्लीभर पोचलं. जिचा मुलगा बेपत्ता तिनं रडावं, ही गाणी म्हणते. पोराचा जीव तिनं डब्यात बांधून ठेवलाय. बिनमातीचं उगवतं ते काही सरळ नाही. शाळेत एक सोबती मास्तर मला सगळ्यांसमोर म्हणाले, "काय हो, तुमच्या वर्गापेक्षा बहिणीच्या वर्गाचा पट मोठा म्हणे. आणि सगळे हजर. एकाला छडी नाही." सगळे हसले, मीही हसलो. घरी येताना माझे कान तापले होते.

त्यानंतर मी माजघरात गेलो की मला वेगळंच दिसू लागलं. खुंटीवरच्या वाळत आलेल्या पानाला आठ रोपं लोंबत होती. अक्का ज्या कोपऱ्यात झोपायची, तिकडं सगळ्या झाडांचे शेंडे वळलेले होते. ऊन त्या बाजूला शेवटी जायचं म्हणून ते वळत असतील. मी तसं स्वतःला समजावलंही. पण बत्तीस डब्यांतली बत्तीस झाडं एका माणसाच्या उशाकडं वाकलेली बघून मी मागं सरलो, हे खरं आहे.

नागपंचमी आली. आदल्या दिवशी अक्कानं भावाचा उपास धरला. आमच्याकडं बायका नागाला भाऊ मानतात आणि आपल्या भावासाठी उपास करतात. गावाकडच्या बायका शिराळ्याच्या नागपंचमीला निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर तीही मोटारीनं इस्लामपूरवरून गेली. दोन दिवसांनी येणार होती. जाताना म्हणाली, "उपास तुझ्यासाठी धरलाय. गाऱ्हानं तेवढं पोरासाठी घालीन. चालंल न्हवं?" आणि माझ्या बायकोला डब्यांवर पाणी कसं शिंपडायचं ते तिनं दोनदा सांगितलं.

पंचमीच्या दिवशी शाळेला सुट्टी होती. जेवण झाल्यावर मी खुरपं घेतलं. बायको दारात उभी राहिली. म्हणाली, आज कुणी मातीला लोखंड लावत नाही, आज विळीवर भाजीसुद्धा चिरत नाहीत, करायचंच असेल तर उद्या करा. उद्या अक्का येणार होती. मी तिला बाजूला व्हायला सांगितलं.

माती कोमट होती. हे मला अजून विसरता येत नाही. उन्हानं डबे तापले असतील, पण हात घातला तेव्हा मला ती अंगासारखी लागली. मुळांनी डब्याचा आकार घेतला होता. झाड ओढलं की पांढरा चौकोनी गोळा अख्खा बाहेर यायचा. मी एकेक मोकळं करत गेलो. काय करतोय ते कळत होतं, पण थांबवत नव्हतं. पोतं भरून नदीकडच्या उकिरड्यावर तीन खेपा केल्या. परत आलो तर उन्हाचा तुकडा रिकाम्या फरशीवरून सरकत होता. मी तो भिंतीवर चढेपर्यंत बघत बसलो.

अक्का आली ती प्रसादाच्या लाह्या पदरात घेऊन. माजघरात गेली आणि आवाज आला नाही. मी उंबऱ्यात गेलो आणि तिनं विचारायच्या आत म्हणालो, "डब्यातनं साप निघाला. मुलं घरात होती. सगळं काढावं लागलं."

ती माझ्याकडं बघत होती. "मारलास?" तिनं विचारलं.

सोडून दिला म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण मग कुणी धरला, कुठं सोडला, हे पुढचे प्रश्न मला दिसले. मी होकाराची मान हलवली.

"कवा?"

"पंचमीला," मी म्हणालो.

अक्का खाली बसली. लाह्या जमिनीवर ठेवल्या. म्हणाली, "ज्येला भाऊ म्हणून पुजाया गेले, त्यो माझ्याच डब्यात, माझ्या भावाच्या हातनं." उठून तिनं सुतकातल्यासारखी डोक्यावरून आंघोळ केली, आणि सापाला कुठं टाकलं ते विचारलं. मी नदीत म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून ती सकाळी वाटीभर दूध घेऊन घाटावर जायची, पाण्यात सोडायची आणि ओल्या पदरानं परत यायची. एकदाच जेवायची, तेही पुरतं नाही. हात पुन्हा थरथरू लागले. माझ्या ध्यानात यायला आठवडा लागला की ती सापासाठी रडत नव्हती. नागाचा कोप आता मुलावर गेला, अशी तिची खात्री झाली होती. मुलगा कुठंतरी होता, तो आता राहिला नाही, आणि तो आपल्या डब्यांमुळं गेला, असं ती धरून बसली होती.

मग तो साप घरात राहायला आला. दुसऱ्या शब्दांत मला सांगता येत नाही. माझ्या धाकट्या मुलीनं रांजणामागं शेपटी पाहिली. बायकोला चुलीजवळ फुत्कार ऐकू आला. ओलं लाकूड असेल म्हणून तिनं ते ओढून विझवलं, तरी ऐकू आला. शेजारच्या काकू येऊन सांगून गेल्या, की मारलेल्याची जोडीदारीण येते, हे घर सोडा. मी सगळ्यांना भास आहे म्हणून सांगायचो. मला एकट्यालाच ठाऊक होतं की साप कधी नव्हताच. आणि एका दुपारी, भर उजेडात, उन्हाच्या त्या तुकड्यावरून काहीतरी लांब, सावकाश सरकत गेलेलं मी पाहिलं. वर कौलावरून काही गेलं असेल, त्याची सावली असेल. मी बाहेर येऊन तांब्याभर पाणी प्यालो.

त्याच सुमाराला पानफुटी परत दिसू लागली. आधी माजघराच्या फरशीच्या फटीत, नखाएवढी. मी ती उपटली. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या पोपड्यात दोन. तीही काढली. शाळेत हजेरीपट उघडला तर पानांमध्ये एक चपटं पान, आणि त्याच्या कडेनं रोपं, त्यांची मुळं नावांच्या ओळीवरून पसरलेली. हजेरीपट मी घरी माजघरातच ठेवायचो, तेव्हा ते पान कधीतरी गळून त्यात पडलं असणार. पुढं पावसात छत्री उघडली तर तिच्या घडीतून असंच एक पान माझ्या खांद्यावर पडलं. पानफुटीचा तुकडा पडेल तिथं जगतो, हे मी पोरांना शिकवतो. पण ते पान खांद्यावर पडलं तेव्हा मला भाच्यानं हात ठेवल्यासारखं वाटलं आणि भर रस्त्यात मी छत्री टाकली.

यापुढं मी रोपं उपटली नाहीत. हजेरीपटातलं पान एका करवंटीत ठेवलं आणि ती करवंटी शाळेतल्या माझ्या खोलीत, कपाटावर. मधल्या सुट्टीत मी तिच्यासमोर बसायचो. माझी झोप उडालेली होती, छाती भरून यायची. पण तिथं पाच मिनिटं बसलं की श्वास जागेवर यायचा. अक्काकडून मी काय काढून घेतलं, ते मला तिथं बसल्यावर कळलं.

तरीही सांगायला तोंड उघडेना. गणपती आले, गेले. पितृपंधरवडा लागला. एका सकाळी अक्कानं मला माजघरात बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती, इतकी वाळली होती की लुगड्याच्या आत माणूस आहे की नाही असं वाटावं. म्हणाली, दिराला पत्र लिहायचंय. मी पोस्टकार्ड आणि दौत घेऊन खाली बसलो. वरचा मायना लिहिला. मग म्हणालो, सांग.

"लिव," ती म्हणाली. "औंदा म्हाळ घालशीला तवा माझ्या पोराचंबी नाव घ्या. मोप वाट बघितली. आता त्येला उपाशी ठेवू नगा."

म्हाळात नाव घेतलं की माणूस मेलेल्यांत जमा होतो. सरकारनं जे लिहिलं नव्हतं, ते मी माझ्या हातानं लिहायचं होतं. टाकातून शाईचा थेंब कार्डावर पडला.

"लिवलं का?"

"अक्का, साप नव्हता," मी म्हणालो.

"कोंचा?"

"पंचमीचा. डब्यात साप नव्हता. मी काही मारलं नाही. नुसती माती होती आणि तुझी झाडं होती. मी तुला खोटं सांगितलं."

तिनं फरशीच्या फटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "पोरीला रांजणामागं दिसला त्यो?"

"मी सांगितलं म्हणून दिसला."

"पंचमीला न्हाई मारलास तू?"

"नाही. तुझी शपथ. कधीच नाही."

तिनं डोळे मिटले. ओठ हलत होते. ती नागाला बोलत होती, मुलाला की देवाला, ते मला कळलं नाही. डोळे उघडले तेव्हा तिनं माझ्या हातातलं कार्ड ओढून घेतलं आणि उलटं करून मांडीखाली ठेवलं. मग म्हणाली, "मग झाडं का उपटलीस रं?"

याचं उत्तर मी तोवर स्वतःलाही दिलं नव्हतं. "लोक हसत होते," मी म्हणालो. "शाळेत हसत होते. मला तुझी लाज वाटली."

"माझी?" ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, खरंच विचारल्यासारखं होतं. "चौदा वर्साची हुते मी. तुला काखंला मारून पानवठ्यावर जायाची. बाया म्हणायच्या, लगीन व्हायच्या आधीच पोरगं झालं बघा. लय हसायच्या. मला न्हाई वाटली लाज तुझी."

मी तिच्या पायावर डोकं ठेवलं. वर न बघता बोललो, कारण वर बघून बोलता आलं नसतं.

"झाडं उपटली ते चुकलं, अक्का. तुझा पोरगा तू सांभाळून ठेवला होतास, त्याला मी एका खोट्या शब्दानं मारला, आणि तो दोष तुला स्वतःवर घेऊ दिला. दीड महिना बघत राहिलो. सगळं माझं चुकलं. मला क्षमा कर."